माझ्या दर्जाची खुर्ची

संगणकासमोर बसावं कसं, हे शिकवायला आमच्या कार्यालयात एकदा तज्ज्ञ आला होता. वरून पत्र आलं होतं. कर्मचाऱ्यांच्या माना, पाठी आणि मनगटं शाबूत राहावीत यासाठी व्याख्यान ठेवावं आणि ठेवल्याचे फोटो पाठवावेत, असं त्यात म्हटलं होतं. आमच्याकडे अशा वाक्याचा शेवटचा भाग आधी अमलात येतो. त्यामुळे बॅनर छापून झाला, समोसे सांगून झाले, फोटो कोण काढणार हे ठरलं आणि तज्ज्ञ कोण, हे आदल्या दिवशी दुपारी ठरलं.

हे चंदीगडला, सेक्टर चौतीसमध्ये. आजूबाजूला सगळे कोचिंग क्लास आणि त्यांच्या मधोमध आमची सरकारी इमारत. मी सांगलीहून बदलीवर इथे आले त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. नवरा सांगलीतच होता, मुलगी मोहालीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, म्हणून आम्ही मायलेकी सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझा हुद्दा अधीक्षक. अधीक्षक म्हणजे हॉलमधल्या चौदा जणांनी जे टाइप केलं असेल ते वाचायचं, आपण वाचलं हे कळावं म्हणून एखादा शब्द उगाच बदलायचा आणि खाली सही करायची. मी स्वतः दिवसभरात चार ओळी टाइप केल्या तर खूप.

तज्ज्ञ तरुण होता आणि मनापासून बोलत होता. कोपर काटकोनात हवं, मनगट सरळ हवं, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, अर्ध्या तासाने उठून थोडं चालावं. हे सगळं पहिल्या रांगेतले साहेब लोक ऐकत होते, आणि पहिली रांग सोफ्यांची होती. त्या सोफ्यात माणूस कंबरेपर्यंत बुडतो. पाठ ताठ ठेवा असं तो सांगत होता तेव्हा आमचे सर्वांत मोठे साहेब इतके घसरले होते की त्यांची हनुवटी टायच्या गाठीवर टेकली होती. त्यांनी कीबोर्डला शेवटचा हात कधी लावला होता कोण जाणे. त्यांना आलेल्या मेलसुद्धा त्यांचा पीए छापून पुढ्यात ठेवतो.

आणि ज्यांनी हे ऐकायला हवं होतं ते चौदा जण हॉलमध्ये टाइप करत बसले होते. सगळेच उठून आले तर काम कोण करणार, असं साहेबांनी विचारलं होतं, आणि ते सगळ्यांना पटलं होतं. मलाही पटलं होतं. मी दुसऱ्या रांगेत बसून समोसा खाल्ला.

खरं तर मला त्या व्याख्यानाचं हसू येत होतं, कारण त्यातलं सगळं मला सोळाव्या वर्षीच पाठ झालं होतं. सांगलीत एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर टायपिंगचा क्लास होता. तिथले सर फूटपट्टी घेऊन रांगांमधून फिरायचे. कोणाचं मनगट खाली लोंबकळलं की खालून पट्टी बसायची, खांदे वर चढले की वरून बसायची. बुटक्या मुलींच्या पायाखाली द्यायला त्यांनी लाकडी पाट ठेवले होते. कोणी कुठल्या खुर्चीवर बसायचं हे ते पहिल्या दिवशी उंची बघून ठरवायचे, आणि मग ती खुर्ची बदलायची कोणाची टाप नव्हती. सर स्वतः मॅट्रिक होते. त्यांना कोणी बॅनर लावून बोलावलं नाही.

व्याख्यानानंतर पंधरा दिवसांनी खुर्च्या आल्या. इंडस्ट्रियल एरियातल्या एका शोरूममधून टेम्पो भरून आल्या. काळ्या जाळीची उंच पाठ, वर-खाली होणारे हात, बैठक चढवायला-उतरवायला खाली एक दांडी आणि तळाला पाच चाकं. बारा खुर्च्या होत्या. हॉलमधल्या चौदा जणांपैकी कोणाला तरी त्या मिळतील, असं वाटण्याइतकी भाबडी मी नव्हते. आमच्याकडे खुर्चीचा एक तक्ता आहे. कुठल्या दर्जापासून खुर्चीला हात असावेत, पाठ किती उंच असावी, कोणाच्या खुर्चीला चाकं असावीत, हे सगळं त्यात ठरलेलं आहे. माणूस त्या खुर्चीवर बसून काय करतो, याचा रकाना मात्र त्यात नाही. त्या तक्त्याप्रमाणे अकरा खुर्च्या साहेबांना गेल्या आणि शेवटची बारावी मला आली, कारण माझा दर्जा तक्त्याच्या रेषेला जेमतेम टेकत होता.

स्टोअरबाबू स्वतः ती घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. आधी त्यांनी खुर्चीच्या पायावर पांढऱ्या रंगाने नंबर घातला. मग तो नंबर दाराजवळच्या भिंतीवर चिकटवलेल्या यादीत लिहिला. पंखा एक, टेबल एक, कपाट दोन, घड्याळ एक आणि त्याखाली खुर्ची. "मॅडमजी, पन्नी मत उतारना," ते म्हणाले. "ऑडिट तक नई दिखनी चाहिए." त्यामुळे खुर्चीवरचं प्लास्टिक तसंच राहिलं. बैठक वर-खाली करायची दांडीही त्या प्लास्टिकच्या आत बांधलेली होती. ती खुर्ची शोरूममधून ज्या उंचीवर आली त्याच उंचीवर अकरा साहेब आणि मी बसलो. शिपायाने पाठीवर पांढरा टॉवेल टाकला, आणि पाठीला आधार देणारी ती जाळी दिसेनाशी झाली.

मी या सगळ्याला घरी येऊन मनसोक्त हसले. मुलीला नक्कल करून दाखवली. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच खुर्चीवर बसले. बसले की प्लास्टिक चर्र वाजायचं. बाहेरून कोणी भेटायला आलं की त्याची नजर आधी त्या टॉवेलवर जायची, मग माझ्याकडे यायची. मला ते आवडायचं. हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं.

आता हॉलमधल्या त्या बाईबद्दल. ती पिंजौरहून बसने यायची. वय चाळिशीच्या पुढे. तिचा नवरा याच हॉलमध्ये कारकून होता आणि नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागी तिला घेतलं. तसा नियम आहे, आणि त्या नियमाला पुढे शेपूटही आहे. दोन वर्षांत टायपिंगची परीक्षा पास व्हायची. संधी दोनच. दोन्ही गेल्या तर कारकुनाची जागा जाणार आणि शिपायाची मिळणार. आल्यापासून ती नवऱ्याच्याच टेबलावर बसायची. खिडकीच्या बाजूचं दुसरं टेबल रिकामं होतं, तिथे ऊन यायचं, थंडीत बरं पडलं असतं. मी एकदा सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "ना जी. ये उनकी टेबल है. इसी पे रहना है." तिला नोकरी हवी होती हे खरंच, पण त्याहून जास्त तिला ते टेबल हवं होतं.

पहिली संधी तिने घालवली होती. दुसरी फेब्रुवारीच्या शेवटी होती. म्हणून ती सकाळी सगळ्यांच्या आधी यायची, जेवणाच्या सुट्टीत डबा चार घासांत संपवायची आणि सराव करायची. सुरुवातीला मी तिलाही नाक मुरडलं. कणीक तिंबावी तशी ती कीबोर्डवर तुटून पडायची. माझ्या सरांनी तिला तासाभरात वळण लावलं असतं, आणि पट्टी न वापरता.

पण दोष तिच्या बोटांचा नव्हता. ते टेबल फायली पसरायचं टेबल होतं, खूप उंच. त्यावर कीबोर्ड. आणि बसायला हॉलमधल्या सगळ्यांसारखी तिलाही बिनहातांची लोखंडी खुर्ची, कारण तक्त्यात तिच्या दर्जाला तेवढीच होती. टेबल छातीशी यायचं. मग तिने खुर्चीवर जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा ठेवला आणि त्यावर शाल घालून बसू लागली. हात वर पोचले, तर पाय लोंबकळू लागले. मग पायाखाली राजपत्रांचा गठ्ठा आला. रजिस्टरं सरकायची, म्हणून ती पुढे झुकून मनगटं टेबलाच्या कडेवर रेटून बसायची. त्या कडेला पत्र्याची पट्टी मारलेली होती. ज्या मजकुरावरून टाइप करायचं तो कागद डाव्या हाताला आडवा पडलेला, पडदा उजवीकडे. दिवसभर मान डावीकडून उजवीकडे. तज्ज्ञाने जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं त्या एका टेबलावर बघायला मिळत होतं. त्याला तेवढं दाखवलं असतं तर व्याख्यान दहा मिनिटांत आटोपलं असतं.

डिसेंबरात ती चहाचा पेला डाव्या हाताने उचलू लागली. मी बघितलं. मग तिच्या उजव्या मनगटावर ओढणीची पट्टी आली, मग क्रेप बँडेज आलं. आंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, झोपेतसुद्धा मुंग्या येऊन जाग येते, असं तिने सांगितलं. सांगितलं तेही विचारल्यावर. तक्रारीचा सूर नव्हता, उलट सांगताना ओशाळली, जणू हात दुखणं हा तिचाच गैरकारभार होता.

हॉलने सल्ल्यांचा पाऊस पाडला. एकाने ओवा घालून कढवलेलं मोहरीचं तेल आणलं. दुसरीने बादी, म्हणजे वात, ठरवून राजमा, भात आणि दही बंद करायला लावलं. मनगट पत्र्याच्या कडेवर रेटलं जातंय, हे सगळ्यांना दिसत होतं, पण आरोपी म्हणून राजमाच सापडला. मी तिला आमच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरने बँडेज न सोडताच गोळ्या लिहून दिल्या आणि हाताला आराम द्यायला सांगितलं. परीक्षेला सहा आठवडे राहिलेल्या बाईला.

तेव्हा माझ्या मनात आलं की माझी खुर्ची तिला द्यावी. हे मनात आलं याचं श्रेय मी बरेच दिवस स्वतःला देत होते.

खुर्ची आहे त्या उंचीवरच पुरेशी उंच होती. तिला हात होते, ते टेबलाच्या पातळीला आले असते. मनगट उचललं गेलं असतं, कोपर टेकलं असतं. राजपत्रं पायाखाली ठेवली असती, सांगलीतल्या पाटासारखी. त्यासाठी तिसऱ्या डोळ्याची गरज नव्हती, दोन डोळ्यांना दिसत होतं. मी स्टोअरबाबूंना बोलावलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या यादीकडे बोट दाखवलं. "मॅडमजी, ये चेअर तो इस कमरे में चढ़ी हुई है. हॉल में कैसे जाएगी?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "और जी, एक को दी तो कल चौदह मांगेंगे. आपके ग्रेड की चीज़ है. आप क्यों छोड़ रहे हो?"

त्यांच्याकडे मी तुच्छतेने बघितलं हे मला चांगलं आठवतं. हा माणूस खुर्चीचं खोलीशी लग्न लावून बसलाय, असं मला वाटलं. आणि मग मी काय केलं? मी त्याच्याच भाषेत टिपणी लिहायला बसले.

टिपणी लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही. विषय, पार्श्वभूमी, सद्यःस्थिती, प्रस्ताव, अनुमतीसाठी सादर. तज्ज्ञाच्या व्याख्यानाचा संदर्भ दिला, वरून आलेल्या पत्राचा क्रमांक दिला. 'सदर कर्मचारिणीच्या उजव्या मनगटास होणारा त्रास लक्षात घेता' असं वाक्य लिहिलं आणि ते परत वाचून मला बरं वाटलं. तो कागद मी हॉलमधल्याच एकाला टाइप करायला दिला. तोही लोखंडी खुर्चीवर बसून, मान वाकडी करून टाइप करत होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

रात्री जेवताना मुलीला सांगितलं. ती मराठी समजते, उत्तर मात्र हिंदीतच येतं. "आई, यार, दे दो ना उनको. इसमें लिखना क्या है?"

"तुला काय कळतंय सरकारी कामातलं," मी म्हटलं. आणि तिच्याकडे बोट दाखवायला माझ्याकडे भरपूर होतं. तिच्या कंपनीने घरून काम करायला तिला याहून भारी खुर्ची पाठवली होती. त्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा आणि ही बाई पलंगावर पालथी पडून, हनुवटीखाली उशी घेऊन काम करायची. दर तासाला फोनमधून एक गोड आवाज उठून ताणायला सांगायचा. ती तो आवाज पालथी पडल्या पडल्याच बंद करायची. मी तिला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "ठीक है, मैं तो इडियट हूं. पर उनका हाथ तो सच में दुख रहा है ना?" मी ताट उचलून आत गेले.

टिपणी आठ दिवसांनी पहिल्या शेऱ्यासह परत आली. कोणत्या नियमाखाली? मी नियम शोधून लिहिला. मग दुसरा शेरा आला. सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडावं. तिला परत दवाखान्यात पाठवलं. तिथे अर्धा दिवस गेला, म्हणजे तिचा अर्ध्या दिवसाचा सरावही गेला. डॉक्टरने प्रमाणपत्रावर खुर्चीचा उल्लेख करायला नकार दिला. खुर्ची हे औषध नाही, असं म्हणाला. दर शेऱ्याला मी खमंग उत्तर लिहीत होते आणि वरच्या साहेबांना मनातल्या मनात शेलक्या शिव्या देत होते. हॉलमध्ये माझं नाव झालं. मॅडम एका कारकून बाईसाठी साहेबांशी भांडतायत, असं लोक म्हणू लागले. ती स्वतः एकदा केबिनच्या दारात येऊन हात जोडून गेली. एक हात बँडेजमध्ये होता. "आप मेरे लिए इतना कर रहे हो जी."

मी खुर्चीवर बसूनच म्हटलं, "कोई बात नहीं."

जानेवारीत चंदीगडची थंडी हाडांत शिरते. हॉलमध्ये दोन हीटर होते, दोन्ही दाराजवळ. ती बोटांवर फुंकर मारून टाइप करायची. माझ्या केबिनच्या दाराला वर काच होती. मान वर केली की ती दिसायची. रजिस्टरं सरकली की उठायची, डाव्या हाताने गठ्ठा सारखा करायची, पुन्हा बसायची. दिवसातून किती वेळा ते मोजायचं मी टाळलं. एकदा ती उजवा हात मांडीवर ठेवून एकट्या डाव्या हाताने टाइप करताना दिसली. त्या दिवशी मी टेबल फिरवून घेतलं. शिपायाला सांगितलं की उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. तिरीप येत नव्हती.

परीक्षा दुसऱ्या एका सेक्टरमधल्या केंद्रावर होती. तिथे टेबलं संगणकाचीच होती, बुटकी. कीबोर्डसाठी सरकती फळी होती, खुर्च्या धड होत्या. ती नंतर सांगत होती की बसल्या बसल्याच तिला कळलं, असं बसायचं असतं. पण हात आधीच गेला होता. पहिली पाच मिनिटं ठीक गेली, मग आंगठा कुठे पडतोय हेच कळेना. ती नापास झाली. थोडक्यात झाली, असं निकालाच्या कागदावरून दिसलं. थोडक्यात नापास होणाऱ्यांसाठी आमच्याकडे वेगळा रकाना नाही.

मार्चमध्ये तिला शिपायाच्या जागेवर घेतलं. टेबल रिकामं झालं. ड्रॉवरमधून तिने नवऱ्याचा एक जुना कंगवा, देवीचा फोटो आणि आपला डबा काढून पिशवीत भरला. मी काचेतून बघत होते, म्हणजे मान वळवून बघत होते.

त्याच महिन्यात माझी टिपणीही अखेरची परत आली. तिच्यावर सर्वांत मोठ्या साहेबांची हिरव्या शाईतली सही होती. 'सदर कर्मचारिणी आता टंकलेखनाचे काम करीत नसल्याने प्रस्तावाची आवश्यकता उरत नाही. दप्तरी दाखल.' मी ते वाचून कपाळाला हात लावला. घरी येऊन मुलीला वाचून दाखवलं, कशी माणसं आहेत बघ म्हणून. ती हसली नाही. तिने फक्त विचारलं, "चेअर अभी भी आपके पास है?"

एप्रिलमध्ये वरची तपासणी येणार म्हणून रंगकाम निघालं. माझी केबिन एका दिवसासाठी रिकामी करायची होती. सामान बाहेर काढायला तीच आली. हातावर बँडेज नव्हतं. टाइप करणं थांबल्यावर महिना-दीड महिन्यात मुंग्या कमी झाल्या होत्या, असं तिनेच आनंदाने सांगितलं. "देखो जी, मुट्ठी भी बंद होती है." तिने मूठ करून दाखवली. मग म्हणाली, "मॅडमजी, उठना ज़रा. चेअर बाहर कर दूं."

मी उठले. तोंडावर आलं होतं की स्टोअरबाबूंना विचारलंस का. भिंतीवरची यादी रंगारी आधीच सोलून काढत होता.

तिने टॉवेल काढला, घडी घालून बैठकीवर ठेवला आणि पाठीला दोन बोटं लावून खुर्ची ढकलली. तीच दोन बोटं, उजव्या हाताची. उंबरठ्याशी चाकं क्षणभर अडली, तिने गुडघ्याने हलकंसं रेटलं, टक असा आवाज झाला आणि खुर्ची हॉलमध्ये गेली. माझ्या दारापासून त्या टेबलापर्यंत दहा-बारा पावलं होती. टेबल अजून कोणाला दिलेलं नव्हतं, तिथे जागा होती, म्हणून तिने खुर्ची तिथे नेली. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला बरोबर लागले. ना वर, ना खाली. ती जरा वेळ ते बघत उभी राहिली.

"बराबर आ गई जी," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्यावर चार शब्द बोलले असते. मग ती कपाटातल्या फायली काढायला आत गेली.

मी दारातच उभी होते. वर्षभर मी साहेबांना हसले, तज्ज्ञाला हसले, स्टोअरबाबूंना हसले, पोटच्या पोरीला हसले. टिपणीची चार पानं लिहिली, शेऱ्यांना उत्तरं दिली, चांगलं म्हणवून घेतलं. खुर्चीची अदलाबदल करून लोखंडी खुर्ची आत ओढली असती तर कोणी मला फासावर दिलं नसतं. स्टोअरबाबूंनी दोन दिवस तोंड फिरवलं असतं, एवढंच. मला नियम आडवा आला नव्हता. मला बिनहातांच्या खुर्चीवर बसून लोकांना भेटायचं नव्हतं. ती उंच पाठ आणि तो टॉवेल मला सोडवत नव्हता, आणि चार ओळी टाइप करणाऱ्या माझ्या मनगटासाठी मी तिचं मनगट आणि तिच्या नवऱ्याचं टेबल घालवलं होतं. त्या बारा जणांत सर्वांत नालायक कोण होतं, हे मला त्या दारात उभं असताना कळलं.

संध्याकाळी रंग वाळला. भिंतीवर नवी यादी चिकटली. तिने खुर्ची परत आणली, पायावरचा नंबर यादीशी ताडून पाहिला, टॉवेल झटकून पाठीवर नीट टाकला आणि माझ्यासाठी खुर्ची टेबलापासून थोडी मागे ओढून धरली.

"बैठो जी," ती म्हणाली.

मी बसले.